मॉरिशस: निसर्ग, संस्कृती आणि पर्यटन

मॉरिशस हा हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील एक छोटा द्वीपदेश असून पोर्ट लुई ही त्याची राजधानी आहे. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस हे बेट वसले आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. मुख्य बेटाखेरीज रॉड्रिग्ज, अगालेगा आणि सेंट ब्रँडन ही दूरवर विखुरलेली बेटेही या प्रजासत्ताकात मोडतात. १२ मार्च १९६८ रोजी हा देश ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला व १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनला.

पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींमुळे मॉरिशस म्हणजे निळे पाणी, पांढरी वाळू आणि मधुचंद्र एवढीच ओळख रूढ झाली आहे. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे. या बेटावर मूळचा असा एकही मानवसमाज नव्हता. आज येथे दिसणारी माणसे, पिके, भाषा आणि देवदेवता गेल्या चार शतकांत समुद्रमार्गे आलेल्या आहेत; आणि जे खरोखर मूळचे होते, त्यातील बरेचसे त्याच चार शतकांत नाहीसे झाले. येथील निसर्ग, संस्कृती व प्रेक्षणीय स्थळे यांचा अर्थ या दुहेरी घटनेच्या प्रकाशातच लागतो.

भूरचना आणि हवामान

मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियाँ ही तीन बेटे मिळून मास्करीन द्वीपसमूह होतो. तिन्ही बेटे ज्वालामुखीच्या उद्रेकातून समुद्रतळावर उभी राहिली. मॉरिशसचे वय सुमारे ८० लाख वर्षे मानले जाते. येथील ज्वालामुखी आता शांत आहेत. क्यूरपीप शहरातील त्रू ओ सेर्फ हे गर्द झाडीने भरलेले विवर त्याची साक्ष देते. बेटाच्या मध्यभागी पठार असून त्याभोवती जुन्या विवराच्या कडांचे अवशेष असलेल्या डोंगररांगा आहेत. सर्वोच्च शिखराची उंची ८२८ मीटर. त्याहून प्रसिद्ध मात्र पीटर बोथ हे शिखर होय. त्याच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा प्रचंड धोंडा तोलून धरल्यासारखा उभा आहे. हे नाव डच ईस्ट इंडियाच्या ज्या गव्हर्नर-जनरलचे, तो १६१५ मध्ये या बेटाजवळच जहाज फुटून बुडाला.

बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळभित्तीने वेढले आहे. भित्तीच्या आतील उथळ व संथ पाण्याला भूगोलात खारकच्छ म्हणतात. मॉरिशसच्या किनाऱ्याची सारी रमणीयता आणि सुरक्षितता या भित्तीमुळे आहे. दक्षिणेस ग्री-ग्री येथे भित्ती खंडित होते. तेथे लाटा थेट काळ्या कातळावर आदळतात, आणि भित्ती नसती तर बेट कसे असते याची कल्पना येते.

नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व दमट ऋतू असून याच काळात चक्रीवादळे येतात. १९६० च्या जानेवारीत ॲलिक्स व फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन वादळे लागोपाठ आली. गवताने शाकारलेली व लाकडी घरे मोठ्या संख्येने भुईसपाट झाली. आज खेडोपाडी दिसणारी सपाट छपरांची काँक्रीटची घरे ही त्या आठवणीतून उभी राहिलेली आहेत.

राजमुद्रेतील तीन साक्षीदार

मॉरिशसच्या राजचिन्हात ढालीच्या एका बाजूस डोडो पक्षी व दुसऱ्या बाजूस हरिण असून दोघांजवळ उसाची एकेक कांडी उभी दाखवली आहे. यातील डोडो तेवढा येथला मूळ रहिवासी, आणि तोच नामशेष झाला आहे. हरिण व ऊस दोन्ही डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणले. या देशाचा नैसर्गिक इतिहास याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

अरब खलाशांना व नंतर पोर्तुगीजांना हे बेट ठाऊक होते, परंतु कोणी वस्ती केली नाही. १५९८ मध्ये डच जहाजे येथे लागली व त्यांनी नासाऊचा राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटाला दिले. १६३८ मध्ये त्यांची पहिली वसाहत झाली. बेटावर वटवाघळांखेरीज एकही सस्तन भूचर नव्हता, त्यामुळे पक्ष्यांना भय माहीत नव्हते. डोडो हा कबुतराच्या कुळातील, उडता न येणारा, भरदार शरीराचा पक्षी. खलाशांनी त्याची शिकार केली हे खरे. तथापि त्याच्या नाशाचे मोठे कारण जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे व माकडे हे मानले जाते. जमिनीवर घातलेली अंडी त्यांनी फस्त केली. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाणारी शेवटची नोंद १६६२ ची आहे. म्हणजे माणसाचे पाऊल पडल्यापासून पासष्ट वर्षांच्या आत हा पक्षी संपला. महाकाय कासवांच्या स्थानिक जातीही पुढे नष्ट झाल्या, आणि अबनुसाची काळी, जड लाकडे युरोपला रवाना झाली.

पुढे दीड-दोनशे वर्षांनी डोडो खरोखर होता की ती खलाशांची दंतकथा, अशी शंका विद्वानांत घेतली जाऊ लागली. ती कायमची मिटवणारे होते जॉर्ज क्लार्क, माएबूर या गावातील एक शाळामास्तर. १८६५ मध्ये त्यांनी जवळच्या मार ओ साँज या दलदलीत मजूर उतरवले. गढूळ पाण्याखालच्या चिखलात अनवाणी पायांनी चाचपडत त्या मजुरांनी डोडोची हाडे शोधून काढली. जगभरच्या संग्रहालयांतील बहुतेक सांगाडे या दलदलीतील अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून तयार केलेले आहेत. एकाच पक्ष्याचा पूर्ण सांगाडा मात्र पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळतो. तो १९०४ च्या सुमारास एत्येन थिरिऊ यांना सापडला. ते व्यवसायाने केशकर्तनकार होते.

डोडोसंबंधी एक गोष्ट अजूनही अनेक पुस्तकांत छापली जाते: तांबालाकोक या झाडाचे बी डोडोच्या पोटातून गेल्याखेरीज रुजत नाही, म्हणून डोडोबरोबर तेही झाड संपत आले. हा तर्क १९७७ मध्ये मांडला गेला. गोष्ट सुंदर आहे, परंतु डोडो नाहीसा झाल्यानंतर रुजलेली झाडेही आढळली असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ ती या स्वरूपात स्वीकारत नाहीत. विद्यार्थ्यांनी ती परीक्षेत लिहू नये.

उरलेले राखण्याचे प्रयत्न

बेटावरील मूळ अरण्य आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. उसासाठी झालेली जंगलतोड हे त्याचे मुख्य कारण. जे उरले त्यालाही रानटी पेरू, डुकरे, माकडे व हरणे यांचा उपद्रव आहे. भारतातून १९०० मध्ये मुंगूस आणले गेले. उंदीर मारण्यासाठी आणलेल्या या प्राण्याने पक्ष्यांचीही शिकार केली.

१९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे अवघे चार पक्षी निसर्गात उरले असल्याचे ज्ञात होते. तेव्हा तो जगातील सर्वांत दुर्मीळ पक्षी गणला गेला. वेल्समधील जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथे आले ते, असे सांगितले जाते, की हा प्रकल्प गुंडाळण्यासाठी. तसे न करता त्यांनी निराळी रीत चालवली. मादीने घातलेली पहिली अंडी काढून घेऊन उबवणयंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. अशाने एका हंगामात दोनदा पिले मिळतात. पिले मोठी करून रानात सोडण्यात आली व संख्या शेकड्यांत गेली. अलीकडे ती पुन्हा घटत असल्याने काम संपले असे म्हणता येत नाही. गुलाबी कबुतराची गोष्टही अशीच आहे: १९९१ च्या सुमारास निसर्गात जेमतेम दहा, आज काही शेकडे. हिरव्या पाठीचा एको पोपटही याच मार्गाने वाचला. मास्करीन बेटांवरील पोपटांच्या अनेक जातींपैकी आज हा एकटाच शिल्लक आहे.

हे पक्षी पाहण्याची मुख्य जागा म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून थोडे अधिक आहे. मोटारीतून उतरून दरीचे दर्शन घेऊन परतणारे पर्यटक पुष्कळ असतात. पायवाटेने तासभर चालले तरच अबनुसाची झाडे व पक्षी भेटतात. माएबूरजवळील इल ओ एग्रेत या सुमारे २६ हेक्टरांच्या बेटावर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने परकी झाडे उपटून मूळचे किनारी अरण्य पुन्हा उभे केले आहे. तेथे अल्दाब्राहून आणलेली महाकाय कासवे मोकळी फिरतात. नष्ट झालेल्या स्थानिक कासवांचे काम, म्हणजे फळे खाऊन बी पसरवणे, आता ती करतात. मार्गदर्शकाबरोबर दीड-दोन तासांत हे बेट पाहून होते आणि मॉरिशसला जाणाऱ्याने एवढे तरी चुकवू नये.

संवर्धनाची बाजू नेहमीच निर्विवाद नसते. मॉरिशसचे फळभक्षक वटवाघूळ रानातील झाडांचे परागण व बीजप्रसार करते, पण लिची व आंबेही खाते. बागायतदारांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५ पासून वेळोवेळी हजारो वटवाघळे मारवली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जात संकटग्रस्त ठरवली. ज्या देशाच्या चलनी नाण्यांच्या व टोप्यांच्या दुकानांत डोडो विकला जातो, तेथे हा वाद अजून मिटलेला नाही.

जपानी मालकीचे वाकाशिओ हे मालवाहू जहाज २५ जुलै २०२० रोजी आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभित्तीवर चढले. जवळच ब्लू बे हे सागरी उद्यान व इल ओ एग्रेत. ६ ऑगस्टपासून इंधनगळती सुरू झाली आणि सुमारे एक हजार टन तेल खारकच्छात पसरले. अधिकृत यंत्रणेची वाट न पाहता हजारो नागरिक किनाऱ्यावर जमले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध तयार केले. काहींनी तेल शोषण्यासाठी आपले केस कापून दिले. महिनाअखेरीस पोर्ट लुईत फार मोठा निषेध मोर्चा निघाला. जंगलाच्या जागी आलेल्या उसाचे पाचट प्रवाळ वाचवण्याच्या कामी आले, ही नोंद करण्याजोगी बाब आहे.

माणसे कशी आली

डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेऊन इल द फ्रान्स असे नाव दिले. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुई बंदर घडवले. ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोर्टच्या लढाईत फ्रेंच आरमाराने इंग्रजांचा पराभव केला व या विजयाचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरले गेले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस बेट इंग्रजांच्या हाती पडले. इंग्रजांनी फ्रेंच जमीनदारांच्या भाषेला, कायद्याला व धर्माला हात लावला नाही. दीडशे वर्षांच्या इंग्रजी अमलानंतरही गावांची नावे व वर्तमानपत्रे फ्रेंच का, याचे उत्तर या तडजोडीत आहे.

उसाचे मळे आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. मळेवाल्यांना आता स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलास जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले होते. कराराने बांधलेल्या मजुरांची ही पद्धत येथे यशस्वी ठरली म्हणूनच ती पुढे त्रिनिदाद, गयाना, फिजी, नाताळ अशा दूरदूरच्या वसाहतींत नेण्यात आली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. पगार महिना पाच रुपये व शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. मळ्याबाहेर फिरताना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज गव्हर्नरला सादर केला. त्यावर ९,४०१ मजुरांची नावे होती. त्यातून पुढील वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला. उसाच्या शेतांत मधूनमधून दिसणारे काळ्या दगडांचे ढीग त्या काळच्या मजुरांनी शेत मोकळे करताना रचलेले आहेत. बसच्या खिडकीतून ते सहज दिसतात, पण सहलीच्या मार्गदर्शकाने ते दाखवलेच असे नाही.

१८४९ मध्ये बांधलेल्या नोंदणीगृहाचे अवशेष पोर्ट लुईत आप्रवासी घाट या नावाने जतन केले आहेत. पूर्वीचे नाव कुली घाट. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण धक्क्यावरील सोळा दगडी पायऱ्या चढून आत येई. त्याला एक क्रमांक मिळे. २००६ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. नावाची नोंद लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसे लिही, आणि बापाचे नाव हेच पुढील पिढ्यांचे आडनाव होई. आज पूर्वजांचे गाव शोधणारे मॉरिशसवासी याच नोंदी चाळतात. त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत.

नैर्ऋत्य टोकावरील ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा दुसऱ्या वेदनेचे स्मारक आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या माथ्यावर व कपारींत लपत. मुक्तीची वार्ता घेऊन येणारे शिपाई पाहून, आपल्याला पकडण्यास आले या समजुतीने अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या अशी तोंडी परंपरा आहे. कागदोपत्री पुरावा मिळो न मिळो, क्रिओल समाजाच्या मनात या कड्याचे स्थान त्यामुळे ठरले आहे. ल मॉर्न २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ झाले.

मराठी समाज

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांची संख्या कलकत्ता व मद्रासच्या मानाने कमी होती. त्यांत रत्नागिरी व एकंदर कोकणपट्टीतील, तसेच सातारा भागातील लोक होते. त्याही आधी, १८१५ पासून, बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी येथे पाठवले जात. १८३६ मध्ये येऊन गेलेल्या चार्ल्स डार्विनने आपल्या प्रवासवर्णनात या हिंदी कैद्यांचा उल्लेख केला आहे. मराठी वस्ती प्रामुख्याने वाक्वा, कास्कावेल व नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हर भागात आहे. वाक्वा हे गावाचे नाव केवड्याच्या कुळातील झाडावरून पडले आहे, हे कोकणी माणसास रुचेल.

गणेश चतुर्थीस देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ही सुट्टी सामान्यतः चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीस येते, कारण कोकणातील दीड दिवसाच्या गणपतीप्रमाणे येथेही त्या दिवशी नदीवर किंवा समुद्रावर विसर्जन होते. हा उत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावी सुरू झाल्याचे सांगितले जाते. त्या वेळी होणारा झाकरी हा समूहनाच कोकणातील जाखडीशी नाते सांगतो. गोंधळाची परंपराही टिकून आहे. मराठी ही भाषा शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते व महात्मा गांधी संस्थेत तिच्या अध्यापनाची सोय आहे. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनच्या पुढाकाराने मोका येथे उभारलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण एप्रिल २०२३ मध्ये झाले. असे असले तरी घरात मराठी बोलणारी कुटुंबे आता फार थोडी आहेत. मुले क्रिओलमध्ये बोलतात, फ्रेंच वाचतात, इंग्रजीत परीक्षा देतात आणि मराठी आरतीपुरती व शाळेच्या तासापुरती राहते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या पाहुण्यांच्या भाषणांत पुतळा व उत्सव यांचा गौरव होतो, भाषेच्या या स्थितीची चर्चा त्यामानाने कमी होते.

भाषा, धर्म आणि सहजीवन

बहुसंख्य लोकांची बोली मॉरिशियन क्रिओल. गुलाम व मालक यांच्या व्यवहारातून फ्रेंच शब्दसंग्रहावर ती घडली. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी असून वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंच. हिंदी येथे शिकली व लिहिली जाते. अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ ही गिरमिटियांच्या जीवनावरील हिंदी कादंबरी भारतातही वाचली गेली. भोजपुरी बोलणाऱ्यांची संख्या घटत आहे. तथापि लग्नातील गीत-गवाई ही भोजपुरी स्त्रीगीतांची परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

निम्म्याच्या जवळपास लोक हिंदू, सुमारे एक तृतीयांश ख्रिस्ती व सतरा-अठरा टक्के मुसलमान आहेत. चिनी वंशाचा समाज लहान पण व्यापारात पुढे आहे. महाशिवरात्रीला हजारो भाविक पांढरी वस्त्रे नेसून, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन ग्राँ बासाँ या विवरातील सरोवराकडे चालत जातात. यासच गंगा तलाव म्हणतात; १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले. काठावर शिवाची ३३ मीटर उंच मूर्ती आहे. ९ सप्टेंबरच्या आदल्या रात्री लोक सेंत-क्र्वा येथील फादर लावाल यांच्या समाधीकडे असेच चालत निघतात. मुक्त झालेल्या गुलामांत काम केलेल्या या धर्मोपदेशकाच्या दर्शनास हिंदू व मुसलमानही येतात.

या सलोख्याची वाखाणणी योग्यच, पण तो आपोआप टिकलेला नाही. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली म्हणून तमिळ समाजाने आक्षेप घेतला आणि सरकारला पुढील वर्षी नव्या नोटा काढाव्या लागल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या नावाने प्रसिद्ध असलेल्या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला व देशात दंगली उसळल्या. सेगा व जमैकाचे रेगे यांच्या मिलाफातून झालेल्या सेगे संगीताचा तो प्रवर्तक होता. सुखवस्तू बेटावर क्रिओल समाज मागे राहिल्याची जाणीव त्या दिवसांनी करून दिली.

सेगा हे गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेले गाणे व नृत्य. रावान हे बकऱ्याच्या कातड्याचे मोठे डफासारखे वाद्य जाळावर शेकून ताणतात. जोडीला बियांनी भरलेली मारावान व त्रिकोण. पाय वाळूवरून न उचलता सरकवत नाचायचे असते. हॉटेलांत रात्रीच्या जेवणानंतर दाखवला जाणारा झगमगीत प्रकार हा त्याचा पर्यटकी अवतार होय.

रस्त्यावरचे खाणे हा येथील संस्कृतीचा सर्वांत सुलभ धडा आहे. धोल पुरी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेली मऊ, तिखटमिठाची पातळ पोळी. ती जोडीने, मधे पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ व चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. पुरणपोळीशी परिचित माणसास ती ओळखीची वाटते आणि पहिल्या घासालाच परकी ठरते. गातो पिमाँ हे मिरची घातलेले डाळवडे पावात घालून न्याहरीस खातात. आशार हा शब्द आपल्या आचार शब्दाचेच रूप आहे.

प्रेक्षणीय स्थळे

पोर्ट लुईत मध्यवर्ती बाजार, आप्रवासी घाट, निसर्गविज्ञान संग्रहालय व २०२३ मध्ये जुन्या लष्करी रुग्णालयाच्या वास्तूत उघडलेले गुलामगिरीचे संग्रहालय एका दिवसात पायी पाहता येतात. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची जगप्रसिद्ध मॉरिशस टपाल तिकिटे आहेत; रंग उडू नये म्हणून त्यांवर ठरावीक वेळीच दिवा लावतात. शाँ द मार्स हे १८१२ चे घोडदौडीचे मैदान दक्षिण गोलार्धातील सर्वांत जुने होय.

पाम्पलमूस येथील वनस्पतिउद्यान अठराव्या शतकातील आहे. मसाल्याच्या व्यापारावरील डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी प्येर प्वाव्र याने जायफळ व लवंगेची रोपे मिळवून येथे वाढवली. परातीएवढ्या पानांच्या ॲमेझॉनच्या कमळांचा तलाव सर्वांनाच आवडतो. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे दहन याच उद्यानात झाले व त्यांचे नाव उद्यानास दिले आहे. जवळच्या बो प्लाँ येथील बंद पडलेल्या साखर कारखान्यातील संग्रहालय देशाचा आर्थिक इतिहास फार चांगला समजावून देते.

शामारेलची सप्तरंगी माती, तेथील धबधबा, ग्राँ बे, फ्लिक आँ फ्लाक व बेल मार यांचे किनारे आणि इल ओ सेर्फ बेट यांची माहिती कोणत्याही सहलपत्रकात मिळते.

रॉड्रिग्ज हे १०८ चौरस किलोमीटरचे बेट मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेस असून तेथे वर्दळ कमी आहे. कॅफे मारॉन हे झाड तेथून समूळ नष्ट झाल्याचे मानले जात होते. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गातील मुलांना दुर्मीळ वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. एका मुलाने आणलेली फांदी याच झाडाची निघाली. जगात तेवढे एकच झाड उरले होते. त्याच्या कलमांपासून लंडनच्या क्यू उद्यानात रोपे वाढवण्यात आली, अनेक वर्षे ती फुलली पण फळ धरेना. अखेरीस बी मिळाले आणि रोपे रॉड्रिग्जला परत गेली.

प्रवासाची माहिती

मे ते नोव्हेंबर हा प्रवासास उत्तम काळ; जून ते ऑगस्ट मधल्या पठारावर गारवा व भुरभुर पाऊस असतो, तेव्हा एक गरम कपडा जवळ ठेवावा. चलन मॉरिशियन रुपया. वाहने डाव्या बाजूने चालतात. पोर्ट लुई ते क्यूरपीप मेट्रो रेल्वे असून उर्वरित बेटावर बससेवा चांगली आहे, मात्र सायंकाळनंतर ती विरळ होते. भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही.